बॉर्डर की बाउंडरी? जवळच्या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द वेगळे करण्याची रीत

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) झालेली पोरं पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेली की एकदम इंग्रजीच्या पाण्यात पडतात. शब्द पाठ असतात, स्पेलिंगही चोख असतं. अडतं ते निवडताना. 'सेफ्टी' की 'सिक्युरिटी', 'हिस्टॉरिक' की 'हिस्टॉरिकल', 'बिग' की 'लार्ज'? शब्दकोश उघडावा तर दोघांपुढं तोच एक मराठी शब्द. मग अंदाजानं एक ठोकून द्यायचा आणि पेपर तपासणाऱ्यानं त्याखाली लाल रेघ ओढायची, हे ठरलेलंच.

हा लेख अशा मुलांसाठी आहे. वकिलाच्या हाताखाली खरेदीखतं टाइप करणाऱ्यांना, वर्तमानपत्रात बातम्यांचं भाषांतर करायला नव्यानं लागलेल्यांना आणि पुण्या-बेंगळूरच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल. शब्दांची यादी मी देणार नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या 'हा शब्द म्हणजे हे, तो म्हणजे ते' छाप यादीतला निम्मा भाग अर्धवट असतो, उरलेला दुसऱ्या दिवशी विसरतो. त्यापेक्षा एक जोडी शेवटपर्यंत सोडवून बघू. ती जमली की पुढच्या जोड्या तुमच्या तुम्ही सोडवाल.

जोडी घेतली आहे 'बॉर्डर' आणि 'बाउंडरी'. आपल्या भागात या दोन शब्दांवाचून दिवस जात नाही, त्यामुळं उदाहरणं शोधायला लांब जावं लागणार नाही.

पहिली पायरी : आधी घरातले शब्द मांडा

इंग्रजीकडं वळण्याआधी वहीच्या एका पानावर त्या अर्थाचे आपले सगळे शब्द लिहून काढा. सीमा, सरहद्द, हद्द, शीव, वेस, बांध, मेर, काठ, किनार, कुंपण. बेळगावात राहता तर कन्नडही कानावर असतंच, तेही लिहा. राज्याची सीमा म्हणजे 'गडी', मर्यादा या अर्थानं 'एल्ले', कडेला 'अंचु'. (मराठी गडी आणि कन्नड गडी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. 'गडीनाडु' हा शब्द पाटीवर पहिल्यांदा वाचणारा पाहुणा हटकून हसतो.)

आता प्रत्येक शब्द कुठं चालतो ते शेजारी लिहा. बांध शेताला, शीव गावाला, काठ साडीला आणि नदीला, सरहद्द देशाला, हद्द पोलीस ठाण्याला. एका अर्थाच्या प्रदेशात आपल्याकडंही इतके शब्द आहेत आणि ते आपण कधी चुकवत नाही. साडीचा बांध म्हणत नाही, शेताचा काठ फारसा म्हणत नाही. हे आपल्याला कुणी नियम सांगून शिकवलेलं नाही. शब्द कुणाच्या संगतीत येतो हे ऐकून ऐकून कळलं. इंग्रजी शब्दांचंही तेच करायचं आहे, फक्त ऐकायला मिळत नाही म्हणून जाणूनबुजून गोळा करायचं.

या पानाचा आणखी एक उपयोग आहे. इंग्रजीतले दोन शब्द आपल्या दहा शब्दांच्या खणांत नीट बसणार नाहीत, हे आधीच दिसतं. 'सीमा म्हणजे बॉर्डर, हद्द म्हणजे बाउंडरी' असं सोपं समीकरण मांडायचा मोह होतो. ते चालत नाही. 'कॅम्प पोलीस ठाण्याच्या हद्दीत' याचं इंग्रजी बातमीतलं रूप 'पोलीस स्टेशन लिमिट्स' असं येतं. म्हणजे तिथं या दोघांपैकी कुणीच नाही. 'आता मात्र हद्द झाली' इथंही तसंच, 'लिमिट'. आणि 'सरहद्द गांधी' म्हणजे खान अब्दुल गफारखान, ते इंग्रजीत 'फ्रंटियर गांधी'. त्यांच्या मुलखाचं नावच नॉर्थ-वेस्ट फ्रंटियर प्रॉव्हिन्स होतं. जोडी दोघांची असली तरी दारात असे तिसरे-चौथे उभे असतात. त्यांची नोंद करा आणि सध्या बाजूला ठेवा.

दुसरी पायरी : शब्दकोश, पण कोणता

इंग्रजी-मराठी कोश वाईट नाहीत, पण या कामाला ते अपुरे पडतात. एका शब्दापुढं चार मराठी शब्द देऊन ते मोकळे होतात. भाषांतराच्या ॲपला विचारलंत तर दोन्हीकडून 'सीमा' येण्याचीच शक्यता जास्त. इथं लागते ती लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी परकी असणाऱ्यांसाठी इंग्रजीतच लिहिलेला कोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांचे असे कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. यातल्या ऑक्सफर्डच्या कोशाचं मूळ जपानात आहे. ए. एस. हॉर्नबी तिथं इंग्रजी शिकवत होते, त्यांचा कोश 1942 मध्ये टोकियोत निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डनं तो छापला. सांगायचं कारण, तो इंग्रजांसाठी केलेलाच नाही. आपल्यासारख्यांच्या अडचणी समोर ठेवून केला आहे.

उघडल्यावर नुसती व्याख्या वाचून बंद करू नका. व्याख्येत दोन्ही शब्द सारखेच वाटतील, कारण तिथं त्यांचा सामायिक भागच सांगितलेला असतो. खालची उदाहरणाची वाक्यं उतरवून घ्या. शब्द नाम आहे की क्रियापदही आहे, एवढं बघा. पुढं जा.

तिसरी पायरी : वाक्यं गोळा करा

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. प्रत्येक शब्दाची पंधरा-वीस खरी वाक्यं जमेपर्यंत निष्कर्ष काढायचा नाही. 'खरी' म्हणजे शब्द शिकवण्यासाठी न लिहिलेली. आपल्या भागात ती कुठं सापडतात ते सांगतो.

वर्तमानपत्राची बेळगावची इंग्रजी पानं बघा. 'बॉर्डर रो', 'बॉर्डर डिस्प्यूट', 'बॉर्डर व्हिलेजेस', 'बॉर्डर एरिया'. सीमाभाग हा शब्द इंग्रजीत नेहमी 'बॉर्डर एरिया' होतो. 'बाउंडरी एरिया' शोधून दाखवा. कर्नाटक सरकारचं सीमाभागासाठीचं प्राधिकरणही 'बॉर्डर एरिया डेव्हलपमेंट ऑथॉरिटी' असंच आहे.

मग भारताची राज्यघटना काढा. अनुच्छेद 3 वाचा. संसदेला नवीन राज्य करता येतं, राज्याचं क्षेत्र वाढवता किंवा कमी करता येतं, नाव बदलता येतं आणि 'ऑल्टर द बाउंडरीज ऑफ एनी स्टेट', म्हणजे सीमा बदलता येतात. ज्या कलमावर आपल्या भागाचं सगळं राजकारण उभं आहे त्यात 'बॉर्डर' हा शब्द नाही.

शेताची किंवा प्लॉटची कागदपत्रं घरात असतील. मराठी खरेदीखतात 'चतुःसीमा' असते, कन्नड खतात 'चक्कुबंदी'. इंग्रजी मसुद्यात तिथं 'बाउंडरीज' लिहिलेलं दिसेल, आणि खाली 'बाउंडेड ऑन द ईस्ट बाय' अमक्याची जमीन, पश्चिमेला रस्ता, दक्षिणेला ओढा. मालमत्तेच्या कागदात 'बॉर्डर' दिसणार नाही.

टीव्हीवर क्रिकेट लावा. चेंडू सीमापार गेला की 'बाउंडरी'. दोर म्हणजेही बाउंडरी, चौकार-षटकार म्हणजेही बाउंडरी. खेळाच्या नियमावलीत 19 व्या नियमाचं शीर्षकच 'बाउंडरीज' आहे. क्रिकेटमध्ये 'बॉर्डर' एकच, तो ऑस्ट्रेलियाचा अ‍ॅलन. त्यानं बाउंडरी मारली की आमचे इंग्रजीचे मास्तर खूश व्हायचे.

शहापूर किंवा वडगावातल्या साडीच्या दुकानात जा. मराठी बोलणारी बाई काठ म्हणेल, कॉलेजची मुलगी 'बॉर्डर' म्हणेल. चार बोटं बॉर्डर, जरीची बॉर्डर, काँट्रास्ट बॉर्डर. इरकलीच्या काठालाही तेच. कम्प्युटर क्लासमध्ये एक्सेलच्या तक्त्याला रेघा मारायच्या तर बटणाचं नाव 'बॉर्डर्स'. लग्नपत्रिकेच्या कडेची वेलबुट्टी, तीही बॉर्डर.

एवढं एका आठवड्यात जमतं. कागदावर दोन रकाने करा आणि वाक्यं आहेत तशी उतरवा. दुरुस्त करू नका.

चौथी पायरी : शेजारी कोण बसलंय ते बघा

आता दोन्ही रकान्यांतल्या वाक्यांत आपल्या शब्दाच्या डाव्या-उजव्या हाताला काय आलंय ते अधोरेखित करा. सुरुवात क्रियापदांपासून करा. त्या गोष्टीचं माणसं काय करतात? माझ्या मते फरक ओळखण्याची याहून खात्रीची खूण नाही.

बॉर्डरचं काय करतात? ओलांडतात, बंद करतात, उघडतात, सील करतात, तिच्यावर पहारा देतात, गस्त घालतात. कोरोनाच्या काळात महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या अडवून आरटीपीसीआरचा कागद मागत होते, तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी 'बॉर्डर सील केलीय' हेच होतं. बाउंडरी सील केली असं कुणी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. देशाच्या सीमेवरच्या दलाचं नाव बॉर्डर सिक्युरिटी फोर्स. तिथं रस्ते बांधणारी संस्था बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशन.

बाउंडरीचं काय करतात? आखतात, ठरवतात, मोजतात, दगड रोवून दाखवतात, बदलतात, सरकवतात. क्रिकेटमध्ये आत ओढतात किंवा मागं नेतात. कामं बहुतेक सर्व्हेअरची, वकिलाची, पंचाची.

म्हणजे एकीकडं ये-जा करणारी माणसं, गाड्या, पोलीस, आणि दुसरीकडं रेघ आणि तिचा कागद. फाळणीच्या वेळचं उदाहरण घ्या. 1947 मध्ये रॅडक्लिफ यांच्या अध्यक्षतेखाली रेघ ठरवणारे आयोग होते 'बाउंडरी कमिशन'. त्यांनी आखलेल्या त्याच रेघेवर आज संध्याकाळी झेंडा उतरवण्याचा सोहळा बघायला लोक जातात, ती 'वाघा बॉर्डर'. जागा एकच, पण रेघ आखली जाताना एक शब्द आणि तिथं फाटक, जवान, गर्दी आल्यावर दुसरा. भारत आणि बांगलादेश यांच्यातल्या 1974 च्या कराराचं नाव 'लँड बाउंडरी ॲग्रीमेंट'. 2015 मध्ये त्यानुसार दोन्ही देशांनी एकमेकांच्या पोटातली छोटी गावठाणं बदलून घेतली. त्या रेघेवर उभा असतो तो मात्र बॉर्डर सिक्युरिटी फोर्सचा जवान. अमेरिका-मेक्सिकोतही हीच वाटणी आहे. रेघ आणि नदीचं पाणी सांभाळणारं मंडळ 'बाउंडरी'वालं, पासपोर्ट तपासणारं खातं 'बॉर्डर'वालं.

क्रियापदांनंतर विशेषणं. बॉर्डर ओपन असते, क्लोज्ड असते, पोरस म्हणजे झिरपती असते. बाउंडरी क्लिअर असते किंवा ब्लर्ड, म्हणजे धूसर. भाषा आणि बोली यांच्यातली बाउंडरी धूसर आहे असं म्हणतात. इथून पुढचा दरवाजा उघडतो : जी जमिनीवर नाहीच अशी सीमा बहुतेक वेळा बाउंडरी असते. नात्यांतल्या मर्यादा म्हणजे बाउंडरीज. 'सेट युअर बाउंडरीज' हे वाक्य हल्ली दहावीच्या पोरीही आईला ऐकवतात. गणितातल्या बाउंडरी कंडिशन्स, भूगोलातल्या भूपट्टांच्या कडा म्हणजे प्लेट बाउंडरीज, व्याकरणात शब्द संपतो ती वर्ड बाउंडरी.

अपवाद लगेच समोर येतो, तो लपवू नका. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही 1971 मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेली संस्था. मूळ फ्रेंच नावात 'फ्रंटियर'चा सख्खा भाऊ आहे, इंग्रजी करताना 'बॉर्डर्स' झालं. भावना मोठी असली तरी अर्थ जमिनीवरचाच आहे : देशांच्या सीमा न मानता जाणारे डॉक्टर. 'विदाउट बाउंडरीज' केलं असतं तर कुठं थांबायचं हे न कळणारे डॉक्टर असा वास आला असता.

उरला साडीचा काठ. तिथं रेघही नाही आणि पोलीसही नाहीत. तिथं आहे ती रुंदी. बॉर्डरला जाडी असू शकते, कडेची अख्खी पट्टी म्हणजे बॉर्डर. म्हणून 'बॉर्डर व्हिलेज' होतं, सीमेलगतच्या पट्ट्यातलं गाव. बाउंडरीला रुंदी नसते, ती नुसती थांबण्याची जागा आहे. ही एक गोष्ट ध्यानात आली की साडी, एक्सेलचा तक्ता, फुलांचा वाफा आणि निपाणी तालुका एकाच खणात का बसतात ते कळतं.

पाचवी पायरी : अदलाबदल करून बघा

एका रकान्यातलं वाक्य घ्या, शब्द काढा, दुसरा घाला. तीनपैकी एक काहीतरी होईल.

वाक्य मोडेल. 'अ ग्रीन सारी विथ अ रेड बाउंडरी' असं इंग्रजीत नाही. 'ही हिट अ बॉर्डर' असंही नाही. अशा जागा सोप्या, त्या पाठच करून टाका.

अर्थ सरकेल. 'शी क्रॉस्ड द बॉर्डर' म्हणजे ती शिनोळीला, महाराष्ट्रात गेली, बसनं गेली असेल. 'शी क्रॉस्ड अ बाउंडरी' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात आधी येतं की ती वागायला चुकली. तसंच 'ही लिव्हज निअर द बॉर्डर' एवढं म्हटलं तर बेळगावात कुणी पुढचा प्रश्न विचारणार नाही, कळलं. 'निअर द बाउंडरी' म्हटलं तर लगेच 'कशाच्या?' शाळेच्या, कारखान्याच्या, की मैदानाच्या? बाउंडरीला मालक लागतो. म्हणून तिच्यामागं 'ऑफ' वारंवार दिसतो. बॉर्डरला मात्र पलीकडचा शेजारी लागतो आणि म्हणून 'विथ' : 'कर्नाटकाज बॉर्डर विथ गोवा'.

किंवा काहीच होणार नाही. 'द बॉर्डर बिट्वीन द टू डिस्ट्रिक्ट्स' आणि 'द बाउंडरी बिट्वीन द टू डिस्ट्रिक्ट्स', दोन्ही बरोबर. नवशिक्या इथं घाबरतो. त्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं, फरक असलाच पाहिजे. नसतो. दोन शब्दांचे अर्थ एकमेकांवर चढलेले असतात तेव्हा मधला पट्टा सामायिकच असणार. तिथं ओढूनताणून फरक काढणारे मार्गदर्शक मी पाहिले आहेत. त्यांचं ऐकलं तर बरोबर लिहिलेलं वाक्य तुम्ही खोडून टाकाल.

सहावी पायरी : व्याकरण

थोडक्यात. 'बॉर्डर' क्रियापदही आहे : 'बेळगावी डिस्ट्रिक्ट बॉर्डर्स गोवा'. मध्ये 'टू' किंवा 'विथ' घालू नका, मराठीतल्या 'गोव्याला लागून'मुळं तो हमखास घुसतो. मागं 'ऑन' लावलं की बहुधा 'च्या जवळ जाणारं, जवळजवळ तेच' असा अर्थ होतो : एखादा विनोद 'बॉर्डर्स ऑन इन्सल्ट', म्हणजे अपमानापर्यंत पोचतो. 'बाउंडरी' क्रियापद होत नाही, त्यासाठी 'बाउंड' आहे, जे खरेदीखतात 'बाउंडेड बाय' होऊन आलं. आणि 'बॉर्डरलाइन' हा वेगळाच शब्द समजा. साखरेची तपासणी बॉर्डरलाइन येते, पस्तीस मार्कांचा विद्यार्थी बॉर्डरलाइनवर असतो. क्रिकेटची असते ती बाउंडरी लाइन.

सातवी पायरी : मूळ शोधा, पण शेवटी

शब्दाचं मूळ शोधायला सगळ्यांना आवडतं, मलाही. पण आधी मूळ बघून मग अर्थ ठरवला की फसगत होते, म्हणून ही पायरी इतकी खाली ठेवली.

'बॉर्डर' आला जुन्या फ्रेंचमधल्या कड, किनार या अर्थाच्या शब्दावरून. साडीचा काठ त्यात पहिल्यापासून आहे, देशाची सीमा नंतर आली. 'बाउंडरी'च्या पोटात 'बाउंड' आहे, आणि तो आला मध्ययुगीन लॅटिनमधून, हद्द किंवा हद्दीची खूण या अर्थानं. वाक्यांवरून आपण काढलेला फरक इथं जुळतो, छान.

आता सापळा. आपल्या कानाला 'बांध' आणि 'बाउंड' जवळचे वाटतात. शेताचा बांध म्हणजे बाउंडरी, जमलं की! जमलं नाही. संस्कृत 'बंध्' धातूचा इंग्रजी नातेवाईक आहे 'बाइंड', म्हणजे बांधणे, आणि त्याचं भूतकाळी रूप 'बाउंड'. पुस्तक 'हार्डबाउंड' असतं ते यातलं. बाउंडरीतला 'बाउंड' त्या घरातला नाही. 'मुंबई-बाउंड ट्रेन'मधला 'बाउंड' तिसराच, जुन्या नॉर्स भाषेतून आलेला, निघायला तयार असलेला. 'लीप्स अँड बाउंड्स'मधला चौथा, तो फ्रेंच उडी. चार शब्द, एकच स्पेलिंग. नुसत्या आवाजावरून नातं लावणाऱ्यानं इथं घरं मोजावीत.

आठवी पायरी : दोघं एकाच गोष्टीला चालतात तेव्हा

सामायिक पट्ट्यात दोन्ही शब्द बरोबर असले तरी निवड करावीच लागते. मग बघायचं कोण बोलतंय, कुणाशी आणि कुठल्या कागदात.

आपला सीमाप्रश्नच घ्या. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर महाराष्ट्र आणि तेव्हाचं म्हैसूर राज्य यांच्यात वाद राहिला. 1966 मध्ये माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला आणि 1967 मध्ये त्याचा अहवाल आला. त्या आयोगाच्या अधिकृत इंग्रजी नावात 'महाराष्ट्र-मैसूर-केरला बाउंडरी डिस्प्यूट्स' आहे. तोच वाद इंग्रजी वर्तमानपत्रात 'बॉर्डर डिस्प्यूट' होतो, मथळ्यात जागा कमी असली तर 'बॉर्डर रो'. 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, त्याच्या बातम्यांतही 'बॉर्डर' जास्त दिसेल.

दोघंही बरोबर लिहितात. आयोगाचं काम रेघ कुठून जावी हे सांगण्याचं, म्हणून बाउंडरी. वार्ताहराला लिहायचं असतं ते बसवर फासलेलं काळं, बंद पडलेली वाहतूक, पाट्यांची भाषा आणि त्या पट्ट्यात राहणारी माणसं. म्हणून बॉर्डर. तुम्ही न्यायालयातल्या कागदाचं भाषांतर करत असाल तर पहिला घ्या, बातमी लिहीत असाल तर दुसरा. एकाच लेखात मात्र उगाच अदलाबदल करू नका. शब्द पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून तो बदलायचा ही मराठी निबंधातली सवय इथं घात करते. वाचकाला वाटतं दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला काय म्हणाल? मी 'क्रॉसिंग द व्हिलेज बाउंडरी' लिहीन. 'बॉर्डर' घातलं तर परगावच्या वाचकाला पालखीच्या वाटेत चेकपोस्ट दिसायला लागेल.

शंका उरलीच तर 'गूगल एनग्राम व्ह्यूअर' उघडा. दोन शब्दजोड्या मध्ये स्वल्पविराम देऊन टाकल्या की छापील पुस्तकांत कुठल्या काळात कोणती जास्त वापरली गेली याचा आलेख येतो. साध्या गूगलवर अवतरणचिन्हांत वाक्प्रचार घालून शोधलं तरी चालतं, फक्त वर दाखवलेल्या निकालांच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. पहिली पाच-सहा वाक्यं वाचा आणि ती कुणी लिहिलीत ते बघा.

नववी पायरी : चार ओळींची नोंद

एवढा सगळा पसारा वहीत शेवटी चार ओळींत मावला पाहिजे. माझी नोंद अशी असते :

बॉर्डर : कडेची पट्टी, किंवा दोन मुलखांमधली ओलांडायची सीमा. ओलांडतात, बंद करतात, राखतात. 'विथ'. साडी, तक्ता, देश, राज्य.
बाउंडरी : जिथं एखादी गोष्ट संपते ती रेघ, दिसो वा न दिसो. आखतात, ठरवतात, बदलतात. 'ऑफ'. शेत, प्लॉट, मैदान, वागणूक, कायदा.
दोन्ही : जिल्हा-राज्य-देशाची सीमा, 'बिट्वीन' असताना.
दोन्ही नाहीत : पोलीस हद्द (लिमिट्स), हद्द झाली (लिमिट), सरहद्द गांधी (फ्रंटियर).

शेवटची ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत. ती सोडू नका, परीक्षेत आणि भाषांतरात चूक बहुधा तिथंच होते.

आता तुम्ही करा

रिकाम्या जागी कोणता शब्द येईल ते आधी ठरवा, मग खाली बघा.

एक, कोगनोळी सोडून कागलच्या दिशेला गेलं की राज्याची ____ लागते. दोन, महापालिकेनं प्रभागांच्या नव्या ____ जाहीर केल्या. तीन, बायोडाटाच्या पानाला काळी ____ मारू नका, बरं दिसत नाही. चार, शेजाऱ्यानं नांगरताना ____ चे दगड हलवले. पाच, मित्र झाला तरी त्यानं ____ पाळावी. सहा, या दोन तालुक्यांमध्ये ओढा हीच ____ आहे.

पहिल्यात बॉर्डर, कारण तुम्ही ती ओलांडताय. दुसऱ्यात बाउंडरीज, कारण काम रेघ आखण्याचं आणि कागदावरचं आहे. तिसऱ्यात बॉर्डर, तिला रुंदी आहे. चौथ्यात बाउंडरी, आणि पुढच्या पानावर बहुधा कोर्टाची तारीख. पाचव्यात बाउंडरी. सहाव्यात दोन्ही चालतील : भूगोलाच्या पेपरात बाउंडरी लिहा, तिथं राहणाऱ्या आत्याच्या गावाबद्दल सांगत असाल तर बॉर्डर.